‘पाळत ठेवणं’ म्हणजे नेमकं काय? पाळण्याशी नातं सांगणारा हा शब्द आला कुठून?

‘पोलिसांनी तीन दिवस पाळत ठेवून आरोपीला ताब्यात घेतलं.’

‘बँकेतून पैसे काढून निघालेल्या ज्येष्ठ नागरिकावर पाळत ठेवून चोरट्यांनी रोकड लांबवली.’

अशा दोन्ही प्रकारच्या बातम्या तुम्ही कितीतरी वेळा वाचल्या असतील. पहिल्या बातमीत पाळत ठेवणारे पोलीस आहेत, दुसऱ्या बातमीत चोर आहेत. शब्द मात्र एकच. आणि हल्ली या शब्दाची तिसरी जागा तयार झाली आहे. ती म्हणजे आपला मोबाइल. कोण किती वाजता ऑनलाइन होतं, कुणी कुणाची स्टोरी पाहिली, कुणाचं लोकेशन आत्ता कुठे दाखवतंय, हे सगळं आपण पाहतो आणि त्याला ‘काळजी’ किंवा ‘सहज बघितलं’ म्हणतो.

मग काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते? गंमत म्हणजे हा गोंधळ आजचा नाही. तो ‘पाळत’ या शब्दाच्या पोटातच आहे. कसा, ते समजून घेऊ.

‘पाळत’ म्हणजे नेमकं काय?

‘पाळत’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. ते एकटं फारसं येत नाही. त्याच्यासोबत ‘ठेवणे’ किंवा ‘असणे’ ही क्रियापदं येतात. ‘त्याच्यावर पाळत ठेवली’, ‘आपल्यावर पाळत आहे असं तिला वाटलं’ अशी वाक्यं आपण बोलतो.

या शब्दात तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली, पाहणं एकदाचं नसतं, ते काही काळ सतत चालतं. दुसरी, ते ठरवून केलेलं असतं, म्हणजे पाहणाऱ्याला काहीतरी हवं असतं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे पाहिलं जातंय त्याला ते माहीत नसतं, किंवा निदान माहीत होऊ नये अशी पाहणाऱ्याची इच्छा असते.

या तिन्ही गोष्टी असतील तरच ती पाळत. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं आणि आपण दोन मिनिटं बघत राहिलो, तर ती पाळत होत नाही.

नजर, लक्ष, देखरेख, पहारा... मग फरक काय?

मराठीत पाहण्यासाठी शब्दांची कमी नाही. पण प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

लक्ष ठेवणे: यात आपुलकी असू शकते. ‘मी जरा दुकानात जाऊन येते, बाळाकडे लक्ष ठेवा’ असं शेजारच्या काकूंना सांगतात. ‘बाळावर पाळत ठेवा’ असं कुणी म्हणणार नाही.

नजर ठेवणे: मधला शब्द. तो चांगल्या अर्थानेही येतो, संशयानेही. ‘नजर’ मूळचा अरबी शब्द आहे.

देखरेख: यात अधिकार आणि जबाबदारी असते, पण चोरी नसते. मुकादम कामावर देखरेख करतो, ते सगळ्यांना दिसतं.

पहारा: हा उघडपणेच द्यायचा असतो. पहारेकरी दिसला पाहिजे, तरच चोर लांब राहील. ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या संस्कृत शब्दाशी जोडलेला आहे. प्रहर म्हणजे तीन तासांचा काळ. दर प्रहराला राखण करणारा बदलायचा, म्हणून तो पहारा.

टेहळणी: उंचावरून किंवा पुढे जाऊन परिसराचा अंदाज घेणं. गडकिल्ल्यांवरचा टेहळणी बुरूज आठवा. टेहळणी साधारणपणे जागेची, हालचालींची असते. पाळत माणसावर असते.

हेरगिरी: यात माहिती काढून ती दुसऱ्या कुणाला तरी पोहोचवणं आलं. प्रत्येक हेर पाळत ठेवतो, पण पाळत ठेवणारा प्रत्येक जण हेर नसतो.

दबा धरणे, टपून बसणे: यात पुढच्या क्षणी झडप घालण्याची तयारी असते. पाळत मात्र शांतपणे चालू राहते.

मग हा शब्द आला कुठून?

‘पाळत’ हे रूप सरळ ‘पाळणे’ या क्रियापदाकडे बोट दाखवतं. आणि ‘पाळणे’ हे संस्कृतातल्या ‘पाल्’ या धातूपासून आलं आहे. त्याचा अर्थ राखणे, रक्षण करणे, सांभाळणे.

आता या धातूचं कुटुंब बघा. पालक म्हणजे सांभाळणारा. गोपाळ म्हणजे गायी राखणारा. द्वारपाल म्हणजे दार राखणारा. राज्यपाल, लोकपाल हे आजचे सरकारी शब्दही त्याच घरातले. ‘कोतवाल’ हा शब्द ‘कोट्टपाल’ म्हणजे कोट किंवा किल्ला राखणारा यावरून आला आहे. इतकंच नाही, तर बाळाला झोपवायचा ‘पाळणा’सुद्धा याच ‘पालन’मधून आला.

म्हणजे पाळणा आणि पाळत हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत!

हे विचित्र वाटेल, पण जरा विचार केला तर पटतं. गुरं राखणारा माणूस दिवसभर करतो काय? तो त्यांच्यावर डोळा ठेवतो. कोणतं जनावर कळपातून बाजूला गेलं, कोणतं दुसऱ्याच्या शेतात शिरलं, हे त्याला सतत पाहावं लागतं. राखायचं असेल तर पाहावं लागतं. यातलं पाहणं शब्दात उरलं आणि राखणं मागे पडलं, की ‘पालना’ची ‘पाळत’ होते.

म्हणून या शब्दात एक जुना प्रश्न दडलेला आहे. जो पाहतोय, तो कुणाच्या भल्यासाठी पाहतोय? ज्याला पाहिलं जातंय त्याच्या, की स्वतःच्या?

‘गुप्त’ची कहाणीही अशीच

‘पाळत’ हा एकटाच असा शब्द नाही. ‘गुप्त’ घ्या. आज गुप्त म्हणजे लपवलेलं. गुप्तधन, गुप्त मतदान, गुप्तहेर. पण संस्कृतात ‘गुप्’ या धातूचा आधीचा अर्थ होता रक्षण करणे. ‘गुप्त’ म्हणजे आधी ‘राखलेलं’. जे मौल्यवान असतं ते आपण राखतो, आणि जे राखायचं ते लपवून ठेवतो. अशा रीतीने ‘राखलेलं’चं ‘लपवलेलं’ झालं.

आणि हा ‘गुप्’ धातू तरी कुठून आला? भाषेचे अभ्यासक तो ‘गोप’ या शब्दापासून तयार झाला असं मानतात. गोप म्हणजे गायी राखणारा. म्हणजे गोपाळापासून पाळतीपर्यंत आणि गोपापासून गुप्तहेरापर्यंत, दोन्ही वाटा गुराख्यापासूनच निघतात.

पाळत ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?

सगळ्यात जुन्या नावांपैकी एक आहे ‘स्पश’. ऋग्वेदात वरुण देवाचे स्पश आहेत. ते माणसांच्या वागण्यावर नजर ठेवतात. हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. संस्कृतातलं ‘पश्यति’ म्हणजे ‘पाहतो’ हेही त्याच कुळातलं. इंग्रजीतला ‘स्पाय’ हा शब्द फ्रेंचमधून आला असला, तरी त्याचं मूळ मागे नेलं तर ते याच प्राचीन धातूपर्यंत जातं. म्हणजे ‘स्पश’ आणि ‘स्पाय’ हे दूरचे भाऊ आहेत. आणि या कुटुंबात आपण रोज वापरतो असा एक मराठी शब्दही आहे, तो म्हणजे ‘स्पष्ट’. त्याचा मूळ अर्थ ‘नीट दिसलेलं’. चोरून पाहणारा ‘स्पश’ आणि उघड दिसणारं ‘स्पष्ट’ एकाच घरातले!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांसाठी ‘गूढपुरुष’ असा शब्द आहे. त्यात त्यांचे प्रकारही दिले आहेत. एका जागी राहून काम करणारे पाच प्रकारचे, त्यात शेतकरी, व्यापारी, तपस्वी अशा वेषातले लोक येतात. आणि फिरून काम करणारे चार प्रकारचे. त्यातल्या एकाचं नाव आहे ‘रसद’. हा रस म्हणजे विष देणारा. सैन्याला पुरवतात त्या रसदीशी याचा संबंध नाही, तो शब्द फारसीतून आला आहे. कौटिल्याचा एक नियम आजच्या पत्रकारांनीही भिंतीवर लावावा असा आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची माहिती जुळली, तरच त्यावर विश्वास ठेवायचा.

‘हेर’ हा आपला रोजचा शब्द. संस्कृत कोशांत ‘हेरिक’ म्हणजे हेर असा शब्द सापडतो आणि प्राकृतात ‘पाहणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. त्यामुळेच मराठीत ‘हेरणे’ हे आजही निव्वळ बारकाईने पाहण्यासाठी वापरतात. ‘त्याने संधी हेरली’ म्हणताना आपण कुणाला हेर म्हणत नसतो.

शिवकाळाकडे आलो की ‘जासूद’ भेटतो. ‘जासूस’ हा अरबी शब्द. त्याच्या मूळ धातूचा अर्थ हाताने चाचपून पाहणे असा आहे. मराठीत त्याचं ‘जासूद’ झालं आणि निरोप पोहोचवणारा व गुप्त बातमी आणणारा, असे दोन्ही अर्थ त्याला मिळाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख म्हणून बहिर्जी नाईक यांचं नाव आपण ऐकत आलो आहोत. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या स्वारीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. या गडाचं दुसरं नाव भूपाळगड. इथेही तोच ‘पाल्’!

अष्टप्रधानांतले मंत्री म्हणजेच वाकनीस. आज हे आडनाव म्हणून आपल्याला माहीत आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ घडलेल्या गोष्टी लिहिणारा. घडामोडींची नोंद ठेवणं आणि राजाभोवती काय चाललंय यावर लक्ष ठेवणं हे त्यांच्या कामात होतं.

आणि शेवटी आमच्या धंद्याचा शब्द, ‘बातमीदार’. आज बातमीदार म्हणजे पत्रकार. पण जुन्या मराठीत बातमीदार म्हणजे गुप्त माहिती काढून आणणारा. हा अर्थ पुसला गेलाय असं वाटत असेल तर पोलिसांची कोणतीही प्रेसनोट वाचा. ‘गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली की...’ हे वाक्य त्यात हमखास असतं. तिथला बातमीदार म्हणजे खबऱ्या.

‘सर्व्हेलन्स’ आणि ‘स्टॉक’ या शब्दांचं काय?

‘सर्व्हेलन्स’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे दोन तुकडे, ‘वरून’ आणि ‘जागं राहून पाहणे’. म्हणजे आपल्या ‘जागत्या पहाऱ्या’च्या जवळचा अर्थ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, मार्च १७९३ मध्ये, फ्रान्समध्ये गावोगावी याच नावाच्या समित्या स्थापन झाल्या. सुरुवातीला त्यांचं काम परदेशी लोकांवर लक्ष ठेवण्याचं होतं. लवकरच त्या आपल्याच नागरिकांमधले ‘संशयित’ शोधू लागल्या. त्यानंतर काही वर्षांत हा शब्द इंग्रजीत रुळला.

‘स्टॉक करणे’ हा तर सोशल मीडियावरचा आवडता शब्द. देवनागरीत लिहिला की शेअर बाजारातला स्टॉक आणि हा स्टॉक सारखेच दिसतात, पण यांचा संबंध नाही. शिकारीसाठी दबक्या पावलांनी चालणं हा या शब्दाचा जुना अर्थ. इंग्रजीतल्या ‘चोरणे’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. मराठीत तरी वेगळं काय आहे? आपणही ‘चोरपावलांनी’ जातो आणि ‘चोरून’ बघतो. परवानगीशिवाय पाहणं ही एक प्रकारची चोरीच, हे दोन्ही भाषांना वेगवेगळं सुचलं.

त्यामुळे ‘काल रात्री मी तुझं अख्खं प्रोफाइल स्टॉक केलं’ असं आपण हसत म्हणतो, तेव्हा शब्द जड आहे आणि कृती हलकी. कुणी स्वतःहून सार्वजनिक केलेले फोटो पाहणं म्हणजे पाळत नव्हे. पण हा शब्द विनोदात वापरून इतका गुळगुळीत झालाय, की खरोखर कुणी मागे लागलं आणि मुलीने ‘तो मला स्टॉक करतोय’ असं सांगितलं, तरी लोक हसतात. शब्द झिजला की तक्रारही झिजते.

सरकार पाळत ठेवू शकतं का?

ठेवू शकतं, पण मनाला येईल तशी नाही. ही मर्यादा न्यायालयात हळूहळू ठरत गेली.

१९६२ सालचा खरक सिंग खटला यात महत्त्वाचा आहे. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांना दरोड्याच्या गुन्ह्यात पकडलं होतं, पण पुराव्याअभावी सोडून दिलं. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट उघडली. घराबाहेर गुपचूप माणसं बसवणं, ते कुठे जातात याची नोंद ठेवणं, रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरात आहेत का हे पाहणं, असं सगळं सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. बाकीची पाळत मात्र बहुमताने चालू राहिली. खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत नाही, असं तेव्हा बहुमताचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. सतत पाळत असेल तर माणूस मोकळेपणाने जगूच शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

डिसेंबर १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे. ते ऐकायचं तर गृहसचिव पातळीवरचा आदेश हवा, त्याला मुदत हवी आणि त्याचा आढावा घेणारी समिती हवी.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निकाल दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि खरक सिंग प्रकरणातलं त्याविरुद्धचं म्हणणं चुकीचं होतं. अल्पमतात गेलेल्या न्यायमूर्तींच्या विचाराला अशी ५५ वर्षांनी मान्यता मिळाली.

आणि एखाद्या माणसाने पाळत ठेवली तर?

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला आणि भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. स्त्रीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही एखादा पुरुष तिचा पाठलाग करत असेल, पुन्हा पुन्हा संपर्क साधत असेल, तर तो गुन्हा आहे. आणि हे अनेकांना माहीत नसतं की तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हेही याच कलमात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

स्त्रीच्या खासगी क्षणी तिला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं यासाठी वेगळं कलम ७७ आहे. हे दोन्ही गुन्हे स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहेत. पण परवानगीशिवाय कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप शिरकाव करणं याच कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. इथे स्त्री-पुरुष असा भेद नाही. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. तातडीची मदत हवी असेल तर ११२ आहेच.

काळजी की पाळत? कसं ओळखायचं?

खरी अडचण घरात होते. नवरा बायकोचं लोकेशन बघतो, आई मुलाचे मेसेज वाचते, बॉयफ्रेंड पासवर्ड मागतो. सगळ्यांचं उत्तर एकच असतं, ‘काळजी वाटते म्हणून.’ आणि काही वेळा ते खरंही असतं. रात्री उशिरा रिक्षाने येणारी मुलगी स्वतःच घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवते, तेव्हा ती राखणच असते.

अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. ज्याच्याकडे मी बघतोय, त्याला हे माहीत आहे का?

२. त्याला ‘आता बंद कर’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर भांडण न होता ते बंद होतं का?

३. हे किती दिवस चालणार, ते ठरलंय का? गाडी घरी पोहोचेपर्यंत, की कायमचं?

तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर ती काळजी. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर हेतू कितीही चांगला असला तरी मराठीत त्याला ‘पाळत’च म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत पालकांचा अधिकार मोठा आहे हे खरं. पण मुलाला सांगून फोन तपासणं आणि तो झोपल्यावर त्याच्या बोटाने फोन उघडणं, यातला फरक मुलाला बरोबर कळतो.

थोडक्यात

‘पाळत’ हा शब्द राखण करणाऱ्या ‘पाल्’ धातूच्या घरातला आहे. पालक, गोपाळ आणि पाळणा ही त्याची भावंडं. राखण्यासाठी पाहावं लागतं, पण ते चोरून होऊ लागलं की त्याची पाळत होते. न्यायालयाला हा फरक मान्य करायला १९६२ ते २०१७ इतका काळ लागला. आपल्या घरात त्यासाठी एवढं थांबायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणाचा फोन हातात घ्याल, तेव्हा आधी त्याला विचारा.